बोर्डावर पेन्शनर कुठंय?

संपादक साहेब, ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफ कापला जाणाऱ्या नोकरदारांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेच्या, १००० रुपये किमान पेन्शनवरचा तुमचा लेख वाचला, आकडे पटले, पण ही योजना चालवणाऱ्या बोर्डावर बसतं कोण ते त्यात आलंच नाही. हे बोर्ड म्हणजे ईपीएफओचं (भविष्य निर्वाह निधी संघटनेचं) केंद्रीय विश्वस्त मंडळ. त्याचे अध्यक्ष कामगारमंत्री असतात, आणि केंद्राचे ५, राज्यांचे १५, मालकांचे १० आणि कामगारांचे १० प्रतिनिधी, असं कायद्यातच आहे. कामगारांची माणसं बहुतेक मोठ्या युनियनची असतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण ते प्रतिनिधी नोकरीत असलेल्यांचे, आणि एसटीतनं किंवा साखर कारखान्यातनं रिटायर झालेला जो माणूस २०१४ पासून त्याच हजारात औषधगोळ्या बसवतोय त्याच्यासाठी वेगळी एकही सीट नाही.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाचं बोर्ड १३ जणांचं, त्यातला एक जण पेन्शनरच मत देऊन निवडतात. (अमेरिकेचं सगळंच उचलावं असं नाही म्हणत.) आपल्याकडं दोन जागा ठेवायला काय हरकत आहे, कायद्यात दुरुस्ती लागेल, ती करा. आणि तोवर सध्याच्या सगळ्या विश्वस्तांनी आधी काय काम केलंय, फायनान्स कुणाला कळतं, हे तुम्ही तरी एकदा छापा.

– एक पेन्शनर