चिवडा घेणाऱ्याला मी चिवडा विकायला लावत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींमध्ये "घरबसल्या महिना ३० हजार, गृहिणींना प्राधान्य" असं आलं होतं आणि खाली नुसता मोबाइल नंबर. तो बघून मी चमकलेच, कारण तोच नंबर आमच्या जाऊबाईंच्या फोनमध्ये "डायमंड सर" नावाने सेव्ह आहे. जाऊबाई ज्या साखळी मार्केटिंगमध्ये, म्हणजे माणसाखाली माणूस जोडायच्या धंद्यात अडकल्या, त्यातले हे सर. म्हणून लिहायला बसले, नाहीतर पत्रबित्र लिहिणाऱ्यातली मी नाही.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते, गेली अठरा वर्षं दिवाळीचा फराळ करून विकते. पोहे, डाळं, दाणे हाथीखान्यातून आणायचे, चार बायका हाताशी घ्यायच्या, महिनाभर घर तेलकट. फार मोठं काही नाही पण विकणं म्हणजे काय ते कळतं. किलोमागे किती सुटतात, कोण पुन्हा येतं, कोण "मागच्या वेळी मीठ जास्त होतं" म्हणून तोंडावर सांगतं, सगळं पाठ आहे.

तर गेल्या मे महिन्यात जाऊबाई मला अलकापुरीतल्या एका हॉटेलात मीटिंगला घेऊन गेल्या. काय आहे ते आधी सांगेनात, "चल तर खरं, आयुष्य बदलेल", एवढंच. आत एसी, मोठ्याने गाणी, आणि बडोद्याच्या मेमध्ये कोट-टाय घातलेला पंचविशीतला मुलगा. दोन तास बोलला तो, त्यात जी खायची पावडर विकायची तिच्या डब्याबद्दल किती, तर मोजून दहा मिनिटं. बाकी सगळं गाडी, दुबईची ट्रिप, कोणाकोणाच्या चेकचे फोटो आणि फळ्यावर गोल, गोलाखाली गोल, त्याखाली अजून गोल. साडेसात हजारांचं किट घ्यायचं, आयडी लावायची म्हणजे मेंबर व्हायचं, आणि "खाली दोन जण आणलेत की तुमचे पैसे वसूल, पुढे सगळा नफाच".

चहाच्या वेळी मी त्याला विचारलं, बाबा रे, ज्याला कमिशन नको, डाउनलाइन म्हणजे हाताखाली जोडलेली माणसं नकोत, नुसती पावडर आवडते म्हणून दुकानातून आणल्यासारखी घेतो असा एक गिऱ्हाईक दाखव. तो हसला आणि म्हणाला, "मासी, तमे बहु नेगेटिव छो." जाऊबाई घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पण मला अजूनही वाटतं की खरी कंपनी कुठली, खोटी कुठली ते ओळखायला हा एकच प्रश्न पुरतो. माझा चिवडा रावपुऱ्यातल्या काकू घेतात तो खायला. मी त्यांना असं नाही म्हणत की काकू, आता तुम्ही सहा जणींना चिवडा विकायला लावा मग तुमचा किलो फुकट. ज्या दिवशी मी असं म्हणेन त्या दिवशी माझा धंदा चिवड्याचा राहिला नाही, माणसांचा झाला. घरोघर जाऊन माल विकणाऱ्या सरळ कंपन्याही असतात, नाही असं नाही, पण तिथे पैसा माल खपल्यावर मिळतो, माणूस आणल्यावर नाही.

जाऊबाईंनी मग मला कागद दाखवले. कंपनी रजिस्टर्ड, जीएसटी नंबर, डब्यावर एफएसएसएआयचा नंबर, "आता बोल". अहो, रजिस्ट्रेशन म्हणजे त्या नावाची कंपनी आहे एवढंच, जीएसटी म्हणजे टॅक्सचं खातं आहे, आणि तो डब्यावरचा नंबर खाण्याच्या वस्तूसाठी असतो, मलाही लागतो! त्यांच्या प्लॅनवर सरकारने शिक्का मारला असं यातल्या कशातच नाही. लोक इथेच फसतात, कागद बघितला की गप्प.

हिशोब माझ्या मुलाने करून दिला. प्रत्येकाने फक्त सहा जण आणायचे. सहाचे छत्तीस, छत्तीसचे २१६, असं करत आठव्या पायरीला होतात १६,७९,६१६. २०११च्या जनगणनेत आख्ख्या बडोदा शहराची वस्ती साधारण पावणेसतरा लाख होती, पाळण्यातल्या पोरांसकट. मग नवव्या पायरीवाल्यांनी कुठे जायचं, आणंदला? आणि कुठेही थांबवलंत तरी सगळ्यात खालची रांग सगळ्यात मोठी, सहातले पाच त्या रांगेत, त्यांच्या खाली कोणीच नाही. त्यांचे साडेसात हजार म्हणजेच वरच्यांची दुबई.

कायदा नाही असंही नाही. १९७८ पासून मनी सर्क्युलेशन स्कीमवर, म्हणजे मेंबर आणले की पैसे अशा योजनांवर बंदी आहे, आणि त्यात चालवणाराच नाही तर मेंबर होणाराही येतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, हे त्या हॉटेलात कोणी सांगत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय थेट विक्रीचे नियम काढले त्यात पिरॅमिडला, म्हणजे या गोलाखाली गोलवाल्या साखळीला सरळ मनाई आहे, आणि "दुसरे गिऱ्हाईक आणा म्हणजे तुमचे पैसे सुटतील" असं सांगून माल गळ्यात मारायलाही मनाई. जॉइन होण्याची फी, किटचे पैसे घ्यायचे नाहीत हे तर २०१६च्या मार्गदर्शक सूचनांतच होतं.

जाऊबाईंनी भिशीचे पैसे घातले होते. स्वतःखाली कोणाला आणलं, तर सख्ख्या बहिणीला आणि शेजारच्या मुलीला, दुसरं कोण ऐकणार. आता बहीण फोन उचलत नाही. अकरा डबे कपाटात पडून आहेत, लवकरच एक्स्पायर होतील. परत घ्या म्हटलं तर अपलाइन, म्हणजे जाऊबाईंना आणणारी वरची बाई, म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते अपलाइनला विचारा. मी त्यांना म्हटलं १९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, मी बसते शेजारी. तर म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, मीच तर सगळ्यांना सांगत फिरले." हे मात्र खरं, पैशापेक्षा हेच जास्त लागलंय त्यांना.

तर साहेब, तुमच्याकडे एकच मागणं. अशी जाहिरात द्यायला कोणी आलं तर कंपनीचं नाव आणि पत्ता छापल्याशिवाय घेऊ नका, आणि काउंटरवरच्या तुमच्या माणसाला सांगा, माझा तो गिऱ्हाइकाचा प्रश्न एकदा विचारून बघ म्हणावं.

आपली,
एक फराळवाली, दांडिया बाजार, बडोदा