इनडोअर म्हणून विकता, पण झाड कोणतं ते तरी सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सध्या नागपुरात कुणाच्याही फ्लॅटमध्ये, दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये सोफ्याच्या बाजूला जाड चकचकीत पानांचं एक झाड दिसतं, विचारलं की उत्तर एकच, "इनडोअर प्लांट आहे". अहो पण कोणतं? नर्सरीवाले नाव न सांगताच विकून राहिले. बहुतेक वेळा तो रबर असतो, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातला, मोकळ्या जमिनीत शंभर फुटांपर्यंत जाऊ शकणारा वृक्ष. मेघालयात खासी लोक ज्याच्या मुळांचे जिवंत पूल करतात तो हाच. (टायरचं रबर मात्र याचं नाही, ते मूळचं ब्राझीलकडचं झाड वेगळं.)

ओळखायला सोपा आहे. शेंड्यावर नवीन पान लालसर टोकदार आवरणात गुंडाळलेलं असतं, पान उघडलं की ते गळून पडतं, आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. या चिकाने काहींना खाज सुटते, कुत्र्या-मांजरांनी पान चावलं तर पोट बिघडतं. एका देठावर छत्रीसारखी पानं असतील तर ते शेफ्लेरा, ते पण झाडच, रोपटं नाही.

आता आपल्याकडचा खरा घोळ पाण्याचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो म्हणून लोक रोज मग्गाभर ओततात आणि मग तीच सवय जुलै-ऑगस्टमध्येही चालू राहते, माती सुकतच नाही, मुळं सडतात, खालची पानं पिवळी पडून गळतात आणि आपण म्हणतो झाडाला खत कमी पडलं. बोट घालून बघा, वरची दोनेक इंच माती कोरडी लागली तरच पाणी द्या. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात. उजेड भरपूर हवा, पण पश्चिमेच्या खिडकीतलं उन्हाळ्यातलं ऊन पानं भाजून काढतं. कूलरच्या थेट झोतातही नको. डिसेंबर-जानेवारीत रात्री गॅलरीत राहू देऊ नका आणि पाणी कमी करा. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, बाजारातलं चमक आणणारं तेल-बिल लावायची काही गरज नाही.

छताला टेकायला लागलं की पावसाळ्याच्या सुरुवातीला शेंडा छाटा, खालून फांद्या फुटतात. छाटण्याआधी गुटी कलम बांधलं (म्हणजे फांदीची साल सोलून तिथे ओलं शेवाळ बांधून मुळं फुटू दिली) तर वरचं नवीन रोपही मिळतं, शेजाऱ्याला द्या. पण वैतागून कंपाउंडच्या भिंतीलगत किंवा गटाराच्या पाइपजवळ जमिनीत लावून मोकळे होऊ नका, आमच्या लेआउटमध्ये असे दोन-चार लोकांनी लावलेत, भिंतीला तडे जाऊन राहिले अन् आता तोडायचं तर परवानगीची भानगड.

नर्सरीवाल्यांना एवढंच सांगणं आहे की फार खर्च नाही बाप्पा, आइस्क्रीमच्या काडीवर मार्करने नाव आणि "मोठं होणारं झाड" एवढं लिहून कुंडीत खोचा.

एक वाचक,
नागपूर