डबा परत आला तर काळजी करू नका

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांस सा. न.

तुम्ही महिनाभर राहायला येताय म्हणून ओंकार आत्तापासून उड्या मारतोय. माझं ऑफिस दिवसभराचं, त्याचं जेवणखाण तुमच्याच हाती असणार. म्हणून आधीच लिहिते.

आई, गेल्या खेपेला त्याचा डबा तसाच परत आला आणि तुला रात्री घास गेला नाही. तो हट्टीपणा नव्हता गं. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही त्यासाठी, तो मिथिलफेनिडेटची गोळी घेतो, तिनं भूक मरते. सकाळच्या गोळीचा जोर नेमका डब्याच्या सुट्टीत असतो. उतरली की भूक परत येते. त्यामुळे दुपारी किती खाल्लं यापेक्षा दिवसभरात पोटात काय गेलं ते बघायचं.

सकाळी आधी पोटभर नाश्ता, मगच गोळी. तूप सोडून थालीपीठ, नाहीतर अंडं-पोळी आणि दूध. गोळी दिवसभर पुरणारी आहे, ती अख्खीच गिळायची. कुटून शिऱ्यात घालायची नाही. डब्यात तूप, गूळ आणि दाण्याचं कूट लावलेल्या पोळीची छोटी सुरळी पुरे. भरलेला डबा बघूनच त्याची इच्छा जाते. बाबा, पानात टाकायचं नाही हा तुमचा नियम त्याच्यासाठी थोडे दिवस बाजूला ठेवा. मागे लागलं की तो घास गालात धरून बसतो, डोळे भरून येतात, पण गिळत नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास फ्रिज उघडून उभा राहिला की समजायचं, भूक लागली. तेव्हा बिस्किटांचा पुडा देऊ नका, पान वाढा. वरण-भात-तूप, पनीरची भाजी, वर आम्रखंड मागितलं तरी द्या. झोपायच्या आधी पुन्हा मागेल. केळं, दूध, दाण्याचा लाडू, काहीही चालेल. रात्री खातो म्हणून टोकू नका, त्याची दुपारची कसर तेव्हाच भरून निघते.

डॉक्टर वजन-उंची नियमित तक्त्यावर मांडतात. वजन घसरलं तर डोस किंवा वेळ तेच बदलतील. बारीक दिसतो म्हणून आपण परस्पर गोळी बंद करायची नाही, कुणी सुचवलेलं टॉनिकही नको. या गोळीमुळे तो आज वहीचं अख्खं पान न उठता लिहितो, आणि ते मला दाखवायला धावत येतो.

आई, डिंकाचे लाडू जरा जास्तच आण. एसटीत बसलात की फोन करा, मी स्वारगेटला घ्यायला येते.

तुमची,
मनू