पनामाचे लॉक समुद्रामुळे नाहीत, डोंगरामुळे आहेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पनामा कालव्यावर मराठीत काहीही छापून आले की एक वाक्य हमखास भेटते : ‘अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांच्या पातळीत फरक असल्याने येथे लॉक बांधावे लागले.’ (लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली करतात.) स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये तर ते मुक्कामालाच आहे. हे चूक आहे. शिवाय ते डोक्यात पक्के बसले की 2023 साली तिथे जहाजांची रांग का लागली, याचा उलगडाच होत नाही.

पनामाच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या सरासरी समुद्रपातळीत फरक आहे तो साधारण 20 सेंटिमीटरचा. भरती-ओहोटीत मात्र मोठी तफावत आहे. पॅसिफिकला पाणी सहा मीटरपर्यंत वर-खाली होते, कॅरिबियन बाजूला मीटरभरही नाही. पण त्यासाठी फार तर पॅसिफिकच्या तोंडाशी भरती अडवणारे एक लॉक पुरले असते. एवढा खटाटोप झाला तो मधल्या डोंगरापायी. फ्रेंचांनी 1881 पासून सुएझसारखाच समुद्रसपाटीचा कालवा खणायला घेतला होता. त्या डोंगरातल्या कुलेब्रा येथील दरडी दर पावसाळ्यात खणलेल्या जागेत घसरून येत, पीतज्वर आणि मलेरियाने हजारो मजूर गेले आणि 1889 मध्ये कंपनी बुडाली. पुढे अमेरिकनांनी डोंगर समुद्रसपाटीपर्यंत खणत बसण्याऐवजी जहाजच वर चढवायचे ठरवले. चाग्रेस नदीवर गातून येथे धरण बांधून समुद्रसपाटीपासून सुमारे 26 मीटर उंचीवर तलाव केला. 1914 पासून जहाजे एका बाजूने या तलावात चढतात आणि दुसऱ्या बाजूने उतरतात.

(समुद्रपातळीचा हा गैरसमज जुन्या घराण्यातला आहे. नेपोलियनच्या अभियंत्यांनी 1799 मध्ये मोजणी करून तांबडा समुद्र भूमध्य समुद्रापेक्षा सुमारे 10 मीटर उंच ठरवला होता. 1847 च्या फेरमोजणीत ते खोटे ठरले. 1869 मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, त्यात आजही एकही लॉक नाही.)

अटलांटिककडून येताना गातूनला लॉकच्या तीन पायऱ्या चढायच्या. पलीकडे पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन उतरायच्या. जुन्या लॉकचा प्रत्येक हौद 305 मीटर लांब आणि 33.5 मीटर रुंद. हौद भरायला पंप लागत नाही. वरचे पाणी भिंतींमधल्या मोठ्या नळांतून स्वतःच्या वजनाने तळाच्या भोकांवाटे आत येते आणि जहाज उचलले जाते. दरवाजांच्या दोन फळ्या उंच पाण्याच्या दिशेने कोन करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाब वाढेल तसे ते घट्टच बसतात.

खरी मेख इथे आहे. हे सगळे पाणी तलावातले, म्हणजे पावसाचे आणि गोडे. एक जहाज पार होताना साधारण 20 कोटी लिटर पाणी समुद्रात जाते. जहाज लहान असले म्हणून पाणी वाचत नाही, हौद तेवढाच भरावा लागतो. म्हणून टंचाईत दोन लहान जहाजे एकाच हौदात घेतात, किंवा शेजारच्या हौदातून सुटणारे पाणी या हौदात वळवतात. त्यात वेळ जातो, पण पाणी वाचते.

जून 2016 मध्ये सुरू झालेल्या नव्या लॉकचे हौद 427 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद, तरीही एका फेरीला ते जुन्यापेक्षा थोडे कमीच पाणी पितात. कारण प्रत्येक हौदाशेजारी तीन साठवण टाक्या आहेत. हौदातल्या उपसायच्या पाण्याचे आडवे पाच थर कल्पा. वरचे तीन थर एकेक करून तीन टाक्यांत, प्रत्येक थर आपल्याहून एक पायरी खाली असलेल्या टाकीत, जातात. खालचे दोन थर सोडून द्यावे लागतात. पुन्हा भरताना सर्वांत खालची टाकी आधी, मग मधली, मग वरची रिकामी करतात. उरलेले दोनच थर वरून घ्यायचे. पाचातले तीन वाचले, म्हणजे 60 टक्के. मग प्रत्येक वेळी टाक्या का वापरत नाहीत? एक तर फेरीला वेळ जास्त लागतो. दुसरे, तेच पाणी फिरत राहिले की त्यातला समुद्राचा खारटपणा पायरी-पायरीने तलावाकडे सरकतो, आणि कालव्याचेच तलाव देशातल्या निम्म्याहून अधिक लोकांना पिण्याचे पाणी पुरवतात. ‘पंपाने समुद्राचेच पाणी वर चढवा’ असे सुचवणाऱ्यांनाही हेच उत्तर. प्यायचे पाणी आधी की शेतीचे आवर्तन, हा वाद आपल्याकडे जुना आहे. तिथे शेतीच्या जागी जहाजे आहेत, इतकेच.

2023 मध्ये एल निनोमुळे पाऊस रुसला. एरवी दिवसाला 36 च्या आसपास जहाजे जात, ती नोव्हेंबरात 24 वर आणावी लागली. नव्या लॉकसाठी ड्राफ्ट, म्हणजे जहाजाचा पाण्याखाली बुडणारा भाग, 50 फुटांवरून 44 फुटांवर आला. तेवढा माल कमी भरा, नाहीतर उतरवून रेल्वेने पलीकडे न्या. त्यातही एक खोच आहे : समुद्रात भरलेले मोठे जहाज गोड्या, कोमट तलावात आले की पाणी हलके असल्याने सुमारे फूटभर जास्त बुडते, म्हणून हिशेब आधीच करून यावे लागते. त्याच नोव्हेंबरात, रांग चुकवून पार होण्याच्या एका पाळीसाठी लिलावात जवळपास 40 लाख डॉलर मोजले गेले. आता रिओ इंदिओ नदीवर धरण बांधून बोगद्याने पाणी गातून तलावात आणायची योजना आहे. त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचा तिला विरोध आहे. धरणग्रस्तांचा प्रश्न इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आपला,
एक वाचक

ता.क. : नकाशा छापताना दिशाही तपासाव्यात. कालवा पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अटलांटिककडून निघालेले जहाज आग्नेयेकडे जाते आणि पॅसिफिकचे तोंड अटलांटिकच्या तोंडापेक्षा पूर्वेला आहे.