बेटकुळी आधी, कंडरा मागून

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, रातोरात माणसाची ताकद दुप्पट झाली तर काय होईल?" त्याआधी बोलता बोलता हेही सांगितलंस, की सहा आठवड्यांत डंबेलचं वजन जवळजवळ दुप्पट केलंयस आणि उजवं कोपर ठणकतंय. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. फोन ठेवल्यावर आलं, की तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझं कोपरच देतंय.

लहानपणी तू माझ्या दंडाला हात लावून विचारायचास, "या हाताची बेटकुळी इतकी वर का?" मी कधी नीट सांगितलं नाही. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना मीही झपाट्यानं वजनं वाढवली होती आणि अंगात आलेल्या जोराचा मला फार अभिमान होता. एकदा दोघांनी मिळून एक जड पेटी उचलली. समोरच्याचा हात निसटला आणि सगळा भार माझ्या वाकलेल्या उजव्या हातावर आला. कोपरापाशी सुतळी तुटावी तसा आवाज झाला. स्नायू शाबूत होता. त्याला हाडाशी बांधणारी कंडरा हाडावरून सुटली होती आणि स्नायू आखडून वर गोळा झाला होता. मी डॉक्टरकडे जायला उशीर केला, ती पुन्हा जोडली गेली नाही. कोपर वाकतं, पण घट्ट स्क्रू आवळायचा असला की मी तुला हाक मारायचो, ती यामुळे.

एक हिशेब करून बघ. कोपर काटकोनात आणि हातात १० किलोचं डंबेल. वजन कोपरापासून सुमारे ३५ सेंटीमीटरवर, पण दंडाची कंडरा हाडाला जोडलेली असते सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटीमीटरवर. तरफेच्या नियमानं, ते १० किलो नुसतं धरून ठेवायलाही, सगळा भार एकट्या या कंडरेनं पेलला असं धरलं तर, तिच्यावर ७०-८० किलोचा ताण येतो. तू डंबेल २० किलोचं केलंस तेव्हा तिच्यावर दीडशेच्या आसपास गेलास. आणि झटका देऊन उचललंस तर त्याहून जास्त.

स्नायूला रक्त भरपूर मिळतं, तो आठवड्यांत बदलतो. कंडरा म्हणजे बहुतांशी कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे घट्ट धागे, पेशी थोड्या, रक्तपुरवठा तुटपुंजा. तिला महिने लागतात. हाडही ताणाप्रमाणे स्वतःला घडवतं, पण तेही महिन्यांच्याच हिशेबानं.

शिवाय पहिल्या काही आठवड्यांत वाढलेली ताकद बरीचशी नव्या मांसाची नसतेच. मेंदू एकाच वेळी जास्त स्नायुतंतूंना कामाला लावायला शिकलेला असतो. म्हणजे 'अचानक वाढलेली ताकद' ही कल्पनेतली गोष्ट नाही, लहान प्रमाणात तुझ्या बाबतीत ती घडतेच आहे. दोरी जुनीच आहे आणि ओढणारे वाढले आहेत.

स्नायू सगळे एकदम पूर्ण जोरानं आवळले तर काय होतं, हे वैद्यकाला ठाऊक आहे. विजेचा जोराचा धक्का बसला किंवा मोठी आकडी आली की कधीकधी खांदा निखळतो, पाठीचे मणकेही मोडतात. १९३८ साली मनोरुग्णांवर विजेच्या झटक्यांचे उपचार सुरू झाले. स्नायू सैल करणारी औषधं वापरात येईपर्यंत त्यात रुग्णांचे मणके मोडत. बाहेरून कुणी मारलेलं नसतं, स्वतःच्याच स्नायूंनी स्वतःचं हाड मोडलेलं असतं. एरवी मेंदू आणि मज्जारज्जू लगाम धरून असतात.

१९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांमधलं मायोस्टॅटिनचं जनुक बंद केलं. हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला आवर घालतं. त्या उंदरांचे स्नायू दुपटी-तिपटीनं भरले. पुढे त्यांच्या कंडरा तपासल्या तेव्हा त्या लहान, ताठर आणि ठिसूळ निघाल्या. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते, कारण त्यांना तर जन्मापासून वेळ मिळाला होता.

रातोरातच्या तुझ्या माणसाचं बाकी काय होईल? पहिल्या दिवशी त्याच्या हातून पेले फुटतील, पण अंदाज मेंदू लवकर सुधारेल. बंद पडलेली गाडी ढकलायला गेला तर वजन तेवढंच असल्यानं त्याचेच पाय घसरतील. जोर लावताना रक्तदाब प्रचंड चढतो, हृदयाला तोही सोसावा लागेल. आणि स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते, त्यामुळे तो तापेलही लवकर.

यातली एक गोष्ट मात्र तुझ्यासाठी. फार कसून व्यायाम केल्यावर अंग भयंकर दुखलं आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर एक तासही थांबू नकोस, थेट दवाखाना गाठ. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरलेलं असतं आणि त्यानं मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आता कोपराचं. सध्या वजन निम्म्यावर आण, झटका न देता उचल आणि खाली आणताना सावकाश आण. दुखतं त्या दिवशी तो व्यायाम करूच नकोस. रविवारी मी फोन करीन तेव्हा कुठे दुखतं ते बोट ठेवून नेमकं सांग. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडावर, की समोर खोबणीत, जिथे हात वाकवला की दोरीसारखं ताठ लागतं? खोबणीत असेल तर सोमवारी डॉक्टरकडे जायचं. मी येतो.

तुझा
बाबा