चि. मनूस

गावभाग, सांगली
गुरुवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. म्हणजे राग अजून आहे. असू दे. नोकरीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. सोडलीस ती सोडलीस. फक्त हाताशी किती महिन्यांची शिल्लक आहे, तेवढं कळव.

तू गेल्यापासून, आपल्या व्यापाराच्या खेळाचा, म्हणजे मोनोपॉलीचा, तू लिहिलेला प्रोग्राम आणि त्याचा तो काळा स्क्रीन डोळ्यांपुढून हलत नाही. पट नाही, सोंगट्या नाहीत. एंटर दाबलं की एक ओळ उमटते, फासे चार आणि तीन, अमक्याची जागा, भाडं इतकं. आजी म्हणाली, यात खेळ कुठाय? पण तू चारही खेळाडू कॉम्प्युटरचेच बसवून हजारो डाव खेळवलेस आणि दाखवलंस, की पटावरच्या 40 घरांत सगळ्यात जास्त मुक्काम तुरुंगात पडतो. तिथून सुटलेल्याला 6, 8 किंवा 9 पडले की तो नारिंगी जागांवर. फाशांच्या 36 जोड्यांपैकी 14 जोड्या तिथंच नेतात. पेठेत जन्म गेला माझा. मोक्याची जागा कोणती ते नजरेनं कळतं, पण माणसं कुठून येतात ते असं मोजता येतं हे मला माझ्या मुलीनं दाखवलं. दुकानात सगळ्यांना सांगितलं मी.

दिवाळं निघालेल्याचे पैसे मध्येच गायब होतात म्हणालीस ना? सीड, म्हणजे कॉम्प्युटर ज्या आकड्यावरून फासे काढतो तो, तोच ठेवलास, फासे पुन्हा अगदी तसेच पडले, तरी गळती सापडेना. एक करून बघ. प्रत्येक पाळीनंतर सगळ्यांची रोकड अधिक बँकेची रोकड, अशी बेरीज घे. ज्या पाळीला बेरीज बदलली, तिथंच चूक. कीर्द जुळली नाही की आम्हीही असंच मागं मागं जातो.

आणि लिलाव गाळू नकोस. एखाद्यानं जागा नको म्हटली की बँकेनं ती लिलावात काढायची, हा मूळ नियम आहे. घरी आपण तो कधी पाळला नाही. हळदीच्या सौद्यात रोज बघतो, ज्यानं वरचा आकडा आधी पक्का केलेला नसतो तो शेजारच्याच्या ईर्ष्येनं चढत जातो. तुझ्या खेळाडूला तो आकडा आधीच ठरवून दे, आणि हातातली रोकड बघून ठरव. तुझा तो हावरा खेळाडू, दिसेल ते विकत घेणारा, त्याचं काय झालं? पहिल्याच मोठ्या भाड्याला जागा गहाण. 100 ची जागा 50 ला, सोडवताना 55, आणि तोवर भाडं बंद. मला ते बघवेना. दिग्रजच्या रानाचं तुला ठाऊक आहे. म्हणून विचारतो, शिल्लक किती आहे?

झाला पुन्हा उपदेश. राग मानू नकोस.

उन्हाळ्यात गच्चीवर व्यापाराचा डाव मांडायचात, तेव्हा बँक कायम तुझ्याकडे. फाटक्या नोटा भाताच्या शितांनी चिकटवायचीस. बंडूकाका हरायला लागला की त्याच्या मांडीखाली पाचशेची नोट सरकवायचीस आणि हिशेब मागितला की रडायचीस. तो खोका 2019 च्या पुरात गेला, नाहीतर आज तुझ्याकडे दिला असता. आता तुझी बँक एक रुपया इकडचा तिकडं होऊ देत नाही, याचं मला कौतुक वाटतं आणि थोडी काळजीही. अडचणीत तुझ्या मांडीखाली नोट कोण सरकवणार?

मुलाखतीत हे सगळं नीट सांग, घाई करू नकोस. रात्री जागू नकोस. शिरीष शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याकडे आईनं भडंग आणि मेतकूट दिलंय. भडंगाच्या पिशवीत एक पाकीट आहे. ते परत पाठवू नकोस.

तुझे,
बाबा