मुकादम मामा, गाळ काढायला शिकवलंत त्याबद्दल

मुकादम मामांना सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही, आणि सुतारवाड्यात कुणालाही 'मुकादम मामा' म्हटलं की कोण ते कळतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, एसटी बंद, त्यामुळं आम्ही होस्टेलच्या मुली शहरातच अडकलो होतो. बऱ्याच जणी रासेयोच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या. आमचा हिशेब ठरलेला असायचा: वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि हिवाळ्यात गावात सात दिवसांचं शिबिर. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेला तेव्हा पन्नास वर्षं होत होती, म्हणून पथनाट्याची तालीम जोरात चालली होती. विषय होता स्वच्छता. मग खरोखरची घाण दारात आली आणि पथनाट्य राहिलं बाजूला.

पाणी उतरायला लागलं तसे आम्ही सुतारवाड्यात आलो. तुम्ही तुमची सफाई कामगारांची गँग घेऊन आधीच तिथं होतात. आमच्या हातात नवे कोरे ग्लोव्हज होते, पण तुमची नजर गेली आमच्या पायांकडं. निम्म्या जणी चपलांवर. "खिळा घुसला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पळणार, मग काम कोण करणार? जावा, बूट घालून या." सेवा करायला आलेल्यांना कुणी असं माघारी धाडतं का, म्हणून आम्ही रस्ताभर फणफणत गेलो. बूट घालून परत आलो हेही खरं.

मग तुम्ही जे शिकवलंत ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की सिमेंट. सगळं पाणी ओसरायची वाट बघत बसायचं नाही. ते उतरत असतानाच घरातला गाळ खराट्यानं ढवळून त्याच पाण्याबरोबर बाहेर ढकलायचा. त्याचं महत्त्व तिसऱ्या घरात कळलं. शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रंच पुरात गेलेली, सगळ्या शहराच्या नळाला पाणी नाही, टँकरला रांगा. धुवायला पाणी आणणार कुठून? सुरुवात मागच्या खोलीतून, भिंती वरून खाली, मेन स्विच बंद आहे का ते आधी बघायचं, कपाटामागं हात घालण्याआधी काठीनं ठोकायचं, कारण पुरात सापही आसरा शोधत येतात. ब्लीचिंग पावडर सगळ्यात शेवटी, आणि तिच्यात अ‍ॅसिड चुकूनही मिसळायचं नाही. खोरं कमरेनं ओढायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. हे न ऐकलेल्या दोघी दुसऱ्या दिवशी कंबर धरून अंथरुणातून उठल्याच नाहीत.

पण आभार मानायचे ते यासाठी नाहीत, निदान एवढ्यासाठीच नाहीत.

त्या कोपऱ्यावरच्या आजी आठवतात का? पुरात आसऱ्याला गेलेल्या त्या दसरा चौकातल्या मठातून नुकत्याच परतल्या होत्या. घरात गुडघाभर चिखल, गाद्या फुगून दगड झालेल्या. आमच्याबरोबर आलेल्या रासेयोच्या मुलांतला एक उत्साही भाऊ ट्रंक उचलून थेट ट्रॉलीकडं निघाला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. ट्रंक खाली ठेवायला लावलीत, समोरच्या कट्ट्यावर पोतं अंथरून आजींना बसवलंत आणि म्हणालात, "आजी, तुम्ही सांगायचं. ठेवायचं, वाळवायचं, टाकायचं. पोरं तीन ढीग करतील." आजींनी जो हुकूम सोडायला सुरुवात केली! फुटलेला मिक्सर टाका, रेशनकार्ड सावलीत वाळवा, तो पाट ठेवा. पाट फुगून वाकडा झाला होता, कुणाच्याही लेखी तो जळण होता. "ठेवा म्हणाल्या नव्हं? ठेवा," एवढंच तुम्ही बोललात. मदत करणाऱ्यानं आधी मालकाला विचारायचं असतं हे मी तिथं शिकले. शिबिरांत गावाला काय हवं ते आम्ही ठरवून जायचो. गावाला विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि सेल्फी! आमची पोरं चिखलाच्या तोंडानं फोटो काढत होती ते तुम्ही बघत होतात. आता शिव्या बसणार असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "मोबाईल हाय नव्हं, मग कामाला लावा." तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत सामान तसंच ठेवलं तर रोगराई, आणि फेकून दिलं तर नुकसान दाखवायला पुरावा नाही. म्हणून प्रत्येक घरात आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, आणि एका फोटोत तरी घरमालक उभा. मग खोरं. संध्याकाळी सगळे फोटो घरवार लावून ज्याचे त्याला पाठवायचे.

माझ्यासारख्या काटक्यांना तुम्ही दुपारनंतर खोरं सोडायला लावलंत. "अक्षर कसं हाय तुझं?" एवढं विचारलंत आणि सानुग्रह अनुदानाचे, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी मदतीचे, अर्ज पुढ्यात टाकलेत. पासबुकवरचा खातेनंबर, आयएफएससी कोड, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळतंय का, हे तपासत मी कट्ट्यावर बसून राहिले. माझ्या हातून झालेलं त्या आठवड्यातलं सगळ्यात उपयोगी काम तेच. बाहेरून आलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून घालण्याजोगे कपडे निवडायलाही आम्हालाच बसवलंत. त्या ढिगात काय काय निघालं ते लिहिण्याजोगं नाही. दान करताना लोक आपलं कपाट साफ करतात, हे माझं तेव्हापासूनचं पक्कं मत आहे.

डबा आपला, पाणी आपलं, पूरग्रस्तांवर भार टाकायचा नाही, हा नियम तुमचाच. तरी आजींनी शेजारच्या शेगडीवर चहा केला तेव्हा आम्ही "नको नको" म्हणायला लागलो, तर तुम्ही डोळे वटारलेत. "दिवसभर त्यांनी घेतलंच हाय. आता त्या देत्यात तर घ्या."

पेपरात फोटो आमचे आले, ग्लोव्हजसकट. तुमच्या गँगमधली माणसं उघड्या हातांनी गटारी उपसत होती, त्यांचा नाही आला. आमच्या २४० तासांचं प्रमाणपत्र मिळालं, फाईलमध्ये आहे. तुमचे तास मोजायचे म्हटले तर कुठल्या वहीत मावणार?

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. कोरोनामुळं कॉलेजं बंद होती, पण आम्ही जुन्या मंडळींनी एकमेकांना फोन केले आणि शिरोळ तालुक्यात गेलो. बूट, काठी, तीन ढीग, आधी फोटो, चांगल्या अक्षराची एक मुलगी अर्जांना. तिथल्या एका सरपंचांनी विचारलं, हे कुठल्या संस्थेचं ट्रेनिंग? मी म्हटलं, कोल्हापूरच्या एका मुकादमाचं.

आता मी नोकरी करते, पण कॉलेजच्या रासेयो युनिटमधल्या नव्या पोरांशी संबंध ठेवून आहे. जूनमध्ये त्यांचं आपत्तीचं एक दिवसाचं शिबिर ठेवायचं चाललंय. पाहुणे म्हणून कुणाला बोलवायचं यावर सर बरीच मोठी नावं घेत होते. मी तुमचं सुचवलं आणि सर हो म्हणाले. भाषण नको, हार-नारळ तुम्हाला चालत नाही हे सांगून ठेवलंय. मैदानात चिखल करून ठेवतो, खोरी आणि खराटे आमचे. पोरांच्या पायांकडं बघून निम्म्यांना माघारी धाडायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. तारीख ठरली की घरी येऊन सांगते, कारण तुम्ही फोन उचलत नाही.

तुमची,
होस्टेलवरची काटकी